पाठीमागचा कॅमेरा

इंग्लंडमध्ये पंधरा-सोळाव्या वर्षी मुलं जीसीएसईची परीक्षा देतात. आपल्या दहावीसारखंच प्रकरण, पण गणित-विज्ञानाच्या जोडीला काही शाळांत 'फिल्म स्टडीज' हा विषयही घेता येतो. एज्युकास या परीक्षा मंडळाच्या अभ्यासक्रमात त्यातले ३० टक्के गुण प्रत्यक्ष कामाला असतात. एक चित्रपटप्रकार निवडायचा आणि त्या प्रकारातल्या, अस्तित्वात नसलेल्या चित्रपटाचा दोन ते अडीच मिनिटांचा तुकडा चित्रित करायचा. (पटकथा लिहिण्याचाही पर्याय असतो.) मग ७५० ते ८५० शब्दांत आपणच आपल्या कामाचं मूल्यमापन लिहायचं: हा शॉट इथे का, कट तिथेच का, आणि व्यावसायिक चित्रपटांशेजारी ठेवलं तर आपलं काय जमलं.

माझी मावसबहीण गेली अठरा वर्षं लंडनच्या पश्चिमेला एका गावात राहते. मी नोकरीनिमित्त दोन वर्षांपूर्वी इकडे आले आणि तिच्या घरापासून दोन स्टेशनांवर खोली घेतली. शनिवारी ताईकडे जेवायला जायचं आणि त्या बदल्यात भाचीला गणित शिकवायचं, असा करार आहे. गेल्या हिवाळ्यात मात्र गणिताच्या वहीऐवजी लॅपटॉपवर व्हिडिओ एडिटिंगची टाइमलाइन उघडी दिसायला लागली. भाचीनं थ्रिलर निवडला होता, आणि थ्रिलरमधलाही सुरुवातीचा प्रसंग.

या वयातली बरीच मुलं हेच निवडतात. त्यामागे व्यवहार आहे. प्रेमकथेला दोन जणांना अभिनय यावा लागतो, विनोदी चित्रपटाला संवाद लागतात. थ्रिलरच्या सुरुवातीला एक मैत्रीण, एक टोपीवालं जॅकेट आणि अंधार पुरतो. अंधार तर इथे डिसेंबरात दुपारी चारलाच फुकट मिळतो. विद्यार्थ्यांनी केलेल्या अशा सुरुवाती इंटरनेटवर ढिगानं आहेत. त्या महिन्यात मी पन्नासेक तरी बघितल्या असतील, आणि त्यातल्या निम्म्यांहून जास्त एकमेकींच्या सख्ख्या बहिणी होत्या. एक मुलगी एकटी चालली आहे. कॅमेरा तिच्या पाठीमागे आहे, हलतो आहे, कारण तो कॅमेरा म्हणजेच पाठलाग करणारा माणूस. बुटांचा क्लोज-अप. जमिनीलगतून लो अँगल. मुलगी मागे वळून बघते, कुणी नाही. पुन्हा चालते. पार्श्वभूमीला डाउनलोड केलेली घुमणारी धून. हातमोज्यातला हात. काळा पडदा. चित्रपटाचं नाव.

भाचीचा पहिला कटही याच घरातला होता. दोन मिनिटं वीस सेकंद, ४३ शॉट, म्हणजे सरासरी सव्वातीन सेकंदांचा एक. तिची वर्गमैत्रीण गावातल्या अंडरपासमधून चालत जाते आणि जॅकेटवाला मागून येतो. वर्गात उजळणीसाठी मिळालेला एक कागद भाचीनं शेजारी ठेवला होता. त्यावर शॉटचे प्रकार होते आणि प्रत्येक प्रकाराच्या पुढे खूण: एक्स्ट्रीम क्लोज-अप, ओव्हर द शोल्डर, डच अँगल, ट्रॅकिंग, पॉइंट ऑफ व्ह्यू. सगळ्यांवर खुणा झाल्या होत्या.

"मावशी, सगळं आहे यात. पण स्केअरी का नाहीये?"

हा प्रश्न माझ्या धंद्यातला होता. आमच्याकडे 'कोड कव्हरेज' नावाचा आकडा असतो. चाचण्या चालवताना प्रोग्रॅममधल्या किती ओळींवरून त्या गेल्या, ते तो सांगतो. कव्हरेज शंभर टक्के आलं तरी प्रोग्रॅम काम बरोबर करतो की नाही, हे त्यातून कळत नाही. प्रत्येक ओळीला हात लावला गेला, एवढंच कळतं. शॉटच्या प्रकारांवर खुणा करणं हे तसलंच कव्हरेज. लो अँगल वापरला म्हणजे भीती वाटेल हे गृहीतक आहे, आणि ते कुणी तपासलेलं नाही.

मग आम्ही ते तपासायचं ठरवलं. स्प्रेडशीट उघडली. ४३ शॉट म्हणजे ४३ ओळी, आणि तीन रकाने: या क्षणी प्रेक्षकाला काय माहीत आहे, त्या मुलीला काय माहीत आहे, आणि आपण कशाची वाट बघतो आहोत. शॉटचा प्रकार मुद्दामच लिहायचा नाही. यामागे हिचकॉकचं जुनं गणित होतं. १९६२ साली फ्रान्स्वा त्रुफोला दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत त्यानं टेबलाखालच्या बॉम्बचं उदाहरण दिलं. माणसं गप्पा मारत बसली आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षकाला पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब ठेवलेला आधी दाखवला आणि घड्याळ दाखवलं, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगून ठेवतात. ताण शॉटमध्ये नसतो, तो प्रेक्षकाला माहीत असलेलं आणि पात्राला माहीत असलेलं यांच्यातल्या फरकात असतो. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ एव्हिल'ची (१९५८) सुरुवात म्हणजे याचं प्रात्यक्षिकच. पहिल्याच काही सेकंदांत एक हात टाइम बॉम्बची किल्ली फिरवतो आणि बॉम्ब गाडीच्या डिकीत ठेवतो. मग तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. क्रेनवरचा कॅमेरा सरहद्दीवरच्या गावातून हिंडतो, गाडी कधी दिसते, कधी दिसेनाशी होते. या काळात पडद्यावर होतं ते एवढंच: लोक रस्ता ओलांडतात, शेळ्या आडव्या येतात, नाक्यावर शिपाई कागद तपासतो.

आमचे रकाने अर्ध्या तासात भरून झाले. तिसऱ्या रकान्यात चौथ्या शॉटला लिहिलं होतं 'तो तिला गाठेल', आणि पुढे शेवटपर्यंत तेच. चाळीस ओळी एकच उत्तर. लूप फिरतो आहे, पण आतल्या व्हेरिएबलची किंमत बदलतच नाही, अशी गत. शॉट बदलत होते, पण प्रेक्षकाची वाट बघण्याची दिशा बदलत नव्हती, म्हणून डोळे थकत होते आणि मन निवांत होतं.

खरी गंमत दुसऱ्या रकान्यात होती. मुलीला काय माहीत आहे? काही नाही. काही नाही. काही नाही. भाची तो रकाना वरून खाली वाचत गेली आणि हसायलाच लागली.

"मावशी, ही मुलगी इतकी डंब कशी? मी रोज जाते त्या अंडरपासमधून. मागे कोण आहे ते मला सगळं माहीत असतं."

मग तिनं यादी सांगितली, अगदी सहज. इअरफोन दोन्ही कानांत दिसतात, पण गाणं बंद असतं. वळण्याआधी बंद दुकानाच्या काचेत मागचं बघून घ्यायचं. कुणी फार वेळ मागे असेल तर बुटाची नाडी बांधायला थांबायचं आणि त्याला पुढे जाऊ द्यायचं. किल्ली खिशात नाही, हातात. आणि फोन कानाला लावून बोलत राहायचं, 'हो, दोन मिनिटांत पोचतेच, तू बाहेर ये.' पलीकडे कुणी नसतं. हे सगळं तिला कुणी शिकवलं नव्हतं. मार्च २०२१मध्ये सारा एव्हरार्ड ही ३३ वर्षांची तरुणी लंडनमध्ये रात्री चालत घरी जाताना नाहीशी झाली आणि तिचा खुनी नोकरीत असलेला पोलिस निघाला, तेव्हा भाची अकरा वर्षांची होती. तिच्या वयाच्या मुली ती बातमी ऐकत मोठ्या झाल्या आहेत.

माझ्याकडेही माझी यादी होती. पुण्यात रात्री रिक्षात बसलं की फोन कानाला लावून रिक्षाचा नंबर मोठ्यानं सांगायचा, फोन चालू असो वा नसो. कंपनीच्या कॅबमध्ये रात्रीच्या शिफ्टला शेवटचा ड्रॉप मुलीचा असेल तर सोबत गार्ड असायचा, आणि मग त्या गार्डकडेही एक डोळा ठेवायचा. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर आम्ही सगळ्या या युक्त्यांची देवाणघेवाण नोट्ससारखी करायचो. अशा मुलीच्या पाठीमागे कॅमेरा लावायचा आणि तिला काहीच कळत नाही असं दाखवायचं, तर मूळ प्रसंगातला सगळ्यात ताणलेला भागच काढून टाकावा लागतो.

तो भाग कसा निघून गेला, याला थोडा इतिहास आहे. पाठलाग करणाऱ्याच्या डोळ्यांनी बघणारा कॅमेरा विद्यार्थ्यांच्या हाती आला तो बहुतेक करून 'हॅलोवीन'मधून (१९७८). जॉन कार्पेंटरच्या या चित्रपटाची सुरुवात आपण एका खुन्याच्या नजरेतून बघतो: घराभोवती फिरणं, सुरी उचलणं, मुखवटा चढवणं, आणि मग मुखवट्याच्या दोन भोकांतून दिसणारं जग. पण तिथे त्या जागेला कारण होतं. शेवटी मुखवटा निघतो आणि समोर सहा वर्षांचा मुलगा उभा असतो. ही नजर कुणाची, हाच प्रश्न होता आणि त्याला उत्तर मिळालं. त्याच्याही अठरा वर्षं आधी मायकेल पॉवेलनं 'पीपिंग टॉम'मध्ये (१९६०) खुन्याच्या हातात चक्क मूव्ही कॅमेरा दिला आणि आपल्याला त्याच्या व्ह्यूफाइंडरमधून बघायला लावलं. बघणाऱ्यालाही त्यात ओढायचं हाच त्याचा हेतू होता, आणि तेव्हाच्या ब्रिटिश समीक्षकांनी चित्रपटाला झोडपून काढलं. विद्यार्थ्यांच्या तुकड्यांत यातली फक्त कॅमेऱ्याची जागा उरली आहे. ती सोयीची आहे, कारण खलनायकाचं काम करायला माणूसच लागत नाही. कॅमेरा धरणारा म्हणजेच खलनायक. पण त्या जागेसोबत नजरही येते: मुलीची पाठ, तिचे पाय, तिची बेसावध मान. भीती तिची, आणि बघायचं मात्र त्याच्याकडून.

तिच्या अभ्यासक्रमात थ्रिलरची एक जोडी आहे: हिचकॉकचा 'रिअर विंडो' (१९५४) आणि पीटर विअरचा 'विटनेस' (१९८५). दोन्हींच्या सुरुवाती आम्ही पुन्हा लावल्या आणि तेच तीन रकाने भरले. 'रिअर विंडो'त पट्ट्यांचे पडदे वर जातात, कॅमेरा चौकातल्या खिडक्यांवरून फिरतो, घामेजलेल्या कपाळावर येतो, नव्वदच्या वर गेलेला थर्मामीटर दाखवतो. मग प्लॅस्टरमधला पाय, मोडका कॅमेरा, भिंतीवर शर्यतीतल्या अपघाताचा फोटो. नायक एक शब्द बोललेला नाही, आणि आपल्याला त्याचा धंदा, त्याचा अपघात आणि त्याचं घरात अडकणं कळलेलं असतं. 'विटनेस'मध्ये वाऱ्यानं हलणाऱ्या उंच गवतातून काळ्या कपड्यांतली माणसं वर येतात, घोडागाड्या येतात. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचा काळ असावा असं वाटेपर्यंत अक्षरं उमटतात: पेनसिल्व्हेनिया, १९८४. खून अजून लांब आहे. दोन्हीकडे कुणाचा पाठलाग नाही, तरी तिसरा रकाना दर दोन-तीन शॉटला बदलतो.

त्यानंतरच्या शनिवारी मी फ्रिट्झ लँगचा 'एम' (१९३१) लावला, निदान पहिली सात-आठ मिनिटं. बर्लिनमध्ये लहान मुलांचा खून करणारा कुणी मोकाट फिरतो आहे. एक आई दुपारच्या जेवणाची तयारी करते आहे, मुलगी शाळेतून यायची आहे. घड्याळ. मुलीचा चेंडू बक्षिसाच्या जाहिरातीवर आपटतो आणि त्या जाहिरातीवर एक सावली पडते. आई जिन्यात डोकावते, हाक मारते. रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा, रिकामी ताटली. झुडपातून घरंगळत आलेला चेंडू. तारांत अडकलेला फुगा. खून दाखवलेलाच नाही.

ताई ओट्यापाशी काम करता करता थांबून बघत होती. म्हणाली, "हे बघ, हे खरं. तू हे कर. आई स्वयंपाकघरात, हातात फोन, मॅपवर तुझा ठिपका अंडरपासपाशी थांबलाय. मी रोज चार ते साडेचार हेच बघते."

कल्पना चांगली होती. कागदावर तिन्ही रकाने झकास भरले असते. पण भाचीनं मान हलवली.

"आई, ही तुझी भीती आहे. तुझा सिनेमा तू कर. ठिपक्याच्या आत मी असते ना."

या वाक्यानंतर ताई थोडी गप्प झाली, आणि भाचीचा चित्रपट सुरू झाला.

नवा आराखडा असा: मुलीला सगळं माहीत आहे आणि प्रेक्षकाला कमी माहीत आहे. हिचकॉकचं गणित उलटं. मुलगी समोरून आपल्याकडे चालत येते, फोनवर मोकळेपणानं बोलते, हसतेसुद्धा. आपल्याला वाटतं, मैत्रिणीशी गप्पा. मागे अंडरपासच्या दिव्यांत एक धूसर आकृती आहे. होती का आधीपासून? मग तिच्या कानाजवळचा फोन दिसतो: पडदा काळा, कॉल नाहीच. या एका शॉटनं आधीच्या चाळीस सेकंदांचा अर्थ बदलतो. तिचं हसणं हसणं नव्हतं, हे आत्ता कळतं. इथून पुढे तिचं प्रत्येक वाक्य आपण दोन पातळ्यांवर ऐकतो, एक ती बोलते ते आणि एक मागच्यानं ऐकावं म्हणून बोलते ते.

तंत्राचे प्रश्न त्यानंतर आले आणि भराभर सुटले, कारण आता प्रत्येकाला कारण होतं. मोबाइलच्या छोट्या सेन्सरवर पुढचं-मागचं सगळंच जवळजवळ स्पष्ट येतं, आणि आम्हाला मागची आकृती धूसर हवी होती. शाळेचा डीएसएलआर आणि ८५ मिलिमीटरची लेन्स मिळाली. कॅमेरा ट्रायपॉडवर, बराच लांब. लांबून अशा लेन्सनं बघितलं की अंतरं चेपली जातात. वीस फूट मागे चालणारा पाठीला टेकल्यासारखा दिसतो, आणि समोरून येणारी व्यक्ती कितीही चालली तरी चौकटीत फारशी मोठी होत नाही. 'द ग्रॅज्युएट'च्या (१९६७) शेवटी चर्चकडे धावणारा डस्टिन हॉफमन आठवा, धावतो आहे आणि पोचतच नाही. कॅमेरा हातात धरून हलवण्याची गरज उरली नाही. स्थिर चौकटीत तिला बाजूला सरकायला जागा नव्हती, तेवढं पुरेसं होतं.

आवाजाचं भाचीनंच ठरवलं. धून पूर्ण काढली. अंडरपासमध्ये पावलं घुमतात, दोघांची वेगवेगळी ऐकू येतात. मुलगी नाडी बांधायला थांबते तेव्हा मागची पावलंही थांबतील, असं आपल्याला चित्रपट बघून बघून वाटतं. ती थांबत नाहीत. त्याच लयीत येत राहतात. थांबली असती तर त्याचा हेतू कळला असता. येत राहिली म्हणून काहीच कळत नाही, आणि रोजच्या चालण्यात खरं तर कधीच काही कळत नसतं. तो कदाचित घरीच चालला असेल.

शेवटही तिचाच. मुलगी फोनवर बोलते आहे, 'हो, दिसलास मला, आलेच', आणि कानाला लावलेला तो फोन वाजतो. मोठ्यानं, अंडरपासभर. ज्या फोनवर ती बोलत होती तोच. चौकटीत तिचा चेहरा, मागे आकृती. पावलं पहिल्यांदाच थांबतात. ती फोन खाली घेते, पडद्यावर उजेड: 'आई'. काळा पडदा. चित्रपटाचं नाव.

दोन मिनिटं दहा सेकंद, १४ शॉट. खुणांच्या कागदावर निम्म्या जागा रिकाम्या राहिल्या, डच अँगल तर कुठेच नाही. स्प्रेडशीटमध्ये मात्र तिसऱ्या रकान्यात एकही उत्तर सलग तीनदा आलं नाही. मूल्यमापनाच्या निबंधात भाचीनं एक परिच्छेद फक्त कॅमेऱ्याच्या जागेवर लिहिला: 'हॅलोवीन'मध्ये तो मागे का आहे, आणि तिच्यात तो पुढे का आला. पुढे आल्यावर मुलीचा चेहरा दिसतो, आणि चेहरा दिसला की ती काय विचार करते आहे हे शोधावं लागतं. पाठ दिसत असेपर्यंत ते शोधण्याची वेळच येत नाही.

पक्का कट घरी दाखवला तेव्हा दिवा लागल्यावर भावजींनी विचारलं, "मग तो मागचा कोण होता?" ताईनं काही विचारलं नाही. ती शेवटच्या चौकटीतलं 'आई' बघून तशीच बसली होती. भाचीनं दोन्ही प्रतिक्रिया निबंधात नोंदवल्या: एका प्रेक्षकाचं लक्ष आकृतीवर राहिलं, एकीचं फोनवर. आपला शेवटचा शॉट नेमका कुठे लागला, हे समजायला तिला एवढं पुरलं.

दुसऱ्या आठवड्यापासून ताईनं दुपारी चार ते साडेचारच्या मध्ये फोन करणं बंद केलं आहे. मेसेज टाकते. भाचीचा फोन त्या वेळात सायलेंटवर असतो, आणि उत्तर अंडरपास संपल्यावर येतं.